अठरा वर्षांच्या राजाचे अपुरे देऊळ

ईटन म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काही ठरीव चित्रे उभी राहतात. काळे लांब कोट घातलेली उमरावांची मुले, त्या शाळेने इंग्लंडला दिलेले वीस पंतप्रधान, आणि वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली हे वेलिंग्टनच्या तोंडी घातलेले वाक्य. वेलिंग्टन तसे कधी बोलल्याचा पुरावा नाही. पण चांगल्या वाक्याला पुरावा लागत नाही, धनी लागतो. ते असो. मला त्या क्रीडांगणांशी काही कर्तव्य नव्हते. मला पाहावयाचे होते ते त्या शाळेचे चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर; आणि तेही भाविकपणाने नव्हे, तर पेशाच्या खोडीने. माझी सारी नोकरी बांधकाम खात्यात गेली. मोऱ्या, पूल, विश्रामगृहे, शाळाखोल्या आणि त्यांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके यांतच केस पांढरे झाले. माणूस निवृत्त होतो, पण डोळा निवृत्त होत नाही. कोठेही गेलो तरी नजर आधी छताकडे जाते आणि मग जोत्याकडे.

माझी लेक स्लाउ नावाच्या गावी राहते. लंडनच्या पश्चिमेचे हे गाव आपल्या लोकांनी इतके भरलेले आहे की तेथे कढीलिंब मिळवण्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही. तेथून ईटन अवघे दोन मैल. ठरावीक दिवशी मार्गदर्शकाबरोबर आत जाता येते, अशी चौकशी लेकीने करून ठेवली होती, आणि बारा वर्षांची नात "आजोबांना मी दाखवते" म्हणून बरोबर निघाली. दाखवणे बाजूला राहून तिने मला प्रश्न विचारूनच हैराण केले, हा भाग वेगळा.

चॅपल रस्त्यावरून दिसते तेव्हा पहिला विचार मनात येतो तो असा, की हे शाळेच्या मानाने फार मोठे आहे. उंच भिंती, त्यांना बाहेरून दिलेले दणकट दगडी धिरे, दोन धिऱ्यांच्या मध्ये जवळजवळ भिंतभर खिडकी. इंग्लंडात या धाटणीला उभ्या रेषांची शैली म्हणतात, कारण खिडकीतील दगडी दांड्यांपासून शिखरांपर्यंत सारे काही वर ओढले गेलेले दिसते. हा सारा पसारा शाळकरी पोरांच्या प्रार्थनेसाठी कशाला, असे वाटते. पण आत गेल्यावर कळते ते उलटेच: जे दिसते ते मोठे तर नाहीच, ते निम्म्याहूनही कमी आहे. मूळ आराखड्याप्रमाणे इमारत आजच्या दुपटीहून थोडी अधिक लांब व्हावयाची होती. आज जे उभे आहे ते नुसते गाभाऱ्याकडील अंग. सभामंडप झालाच नाही.

हे समजण्यासाठी राजा सहावा हेन्री याची कहाणी सांगितली पाहिजे.

हा राजा नऊ महिन्यांचा असताना गादीवर आला. बाप पाचवा हेन्री मोठा लढवय्या. मुलगा मात्र देवभोळा, हळवा, पुस्तकांत रमणारा. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १४४० साली, त्याने विंडसरच्या आपल्या राजवाड्यासमोर, थेम्सच्या पलीकडच्या काठावर ईटनचे विद्यालय स्थापन केले. पुढच्याच वर्षी, येथून शिकलेल्या मुलांसाठी केंब्रिजला किंग्ज कॉलेज काढले. ईटनला ७० गरीब मुलांना फुकट शिकवावयाचे, जेवूखाऊ घालावयाचे, असा नेम होता. होय, गरीब. आज ज्या शाळेच्या फीचा आकडा ऐकून आपल्यासारख्याची छाती दडपते, ती शाळा निघाली ती गरिबांच्या पोरांसाठी. ते सत्तर विद्यार्थी आजही असतात, त्यांना राजाचे विद्यार्थी असेच म्हणतात. पण त्यांच्याभोवती पैसे भरून शिकणाऱ्यांची संख्या वाढत वाढत एकूण आकडा तेराशेच्या वर गेला आहे.

आणि शाळा हा त्या योजनेचा एक भाग होता. राजाच्या मनात होते ते तीर्थक्षेत्र. येथे कुमारी मेरीचे मोठे मंदिर व्हावे, यात्रेकरूंची रीघ लागावी, पुजाऱ्यांनी राजाच्या आत्म्यासाठी प्रार्थना कराव्यात, आणि मुलांनी त्या मंदिराच्या सावलीत शिकावे. आपल्याकडे देवस्थानाला लागून वेदपाठशाळा असते ना, तसाच प्रकार. १४४१ साली बांधकामाला हात लागला.

या राजाला मात्र एक खोड होती, आणि ज्याने कधी सरकारी काम पाहिले आहे त्याला ती चांगली ओळखीची वाटेल. काम निम्म्यावर आले की साहेबांचा बेत बदलावयाचा. हेन्रीने मोजमापे फिरवली, पुन्हा फिरवली, आणि अखेर झालेले बांधकाम पाडून अधिक मोठ्या आराखड्याने नव्याने सुरुवात केली. तिकडे केंब्रिजच्या चॅपलचा पहिला दगड त्याने १४४६ मध्ये बसवला होताच. एकाच वेळी दोन अवाढव्य देवळे, राज्यात पैशाची चणचण, फ्रान्समधले मुलूख हातातून चाललेले. माझ्यासारख्याने त्या फायलीवर काय शेरा मारला असता हे सांगावयास नकोच.

पण एका गोष्टीत राजाच्या गवंड्यांना मी पूर्ण गुण देतो. थेम्सच्या पुराची त्यांना धास्ती होती, म्हणून चॅपलची फरशी जमिनीपासून तब्बल १३ फूट उंच घेतली आहे. दारातून शिरल्यावर जिना चढून वर जावे लागते. आपल्याकडे नदीकाठच्या देवळांना असे जोते असते. तेराफुटी जोते मात्र मी नोकरीत एकदाही मंजूर होताना पाहिले नाही. इतकी शतके नदी शेजारून वाहते आहे आणि इमारत उभी आहे.

१४६१ मध्ये घात झाला. गादीसाठी चाललेल्या यादवीत हेन्री पदच्युत झाला आणि चौथा एडवर्ड राजा झाला. नव्या राजाला जुन्या राजाचे हे लाडके अपत्य डोळ्यांसमोर नको होते. बांधकाम थांबले. १४६३ मध्ये एडवर्डने पोपकडून आज्ञापत्र मिळवून ईटनची संस्थाच मोडून विंडसरच्या देवस्थानात विलीन करण्याचा घाट घातला. घंटा, जडजवाहीर, उंची वस्त्रे नदीपलीकडे विंडसरला गेली. पुढे राजाचे मन फिरले आणि संस्था वाचली. राजाच्या मर्जीतील जेन शोअर नावाच्या स्त्रीने शब्द टाकला म्हणून ती वाचली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. तिच्यावर याहून अधिक भार टाकू नये.

हेन्रीचा शेवट १४७१ च्या २१ मे रोजी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत झाला. खून झाला असेच सारे मानतात. दरवर्षी त्या तारखेला ईटनची लिलीची फुले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे गुलाब टॉवरमध्ये त्या जागी ठेवतात. आणि दैवाची चेष्टा अशी, की १४८४ मध्ये हेन्रीचा देह विंडसरला आणून ज्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये पुरला, ते एडवर्डने बांधावयास घेतलेले, आणि एडवर्ड तेथे आधीच विसावला होता. दोन हाडवैरी एकाच छताखाली, ईटनपासून नदीच्या पल्याड.

अर्धवट राहिलेल्या चॅपलला डोक्यावर छप्पर मिळाले ते विल्यम वेनफ्लीट या धर्माधिकाऱ्यामुळे. हा गृहस्थ आधी विंचेस्टरच्या शाळेचा मुख्याध्यापक. हेन्रीने त्याला ईटनला आणले आणि पुढे तो विंचेस्टरचा बिशप झाला, राज्याचा चॅन्सेलरही झाला. ज्या राजाने हात दिला तो गेला, मान वर करणे धोक्याचे झाले, तरी या माणसाने पदरचे पैसे घालून काम आवरते घेतले. सभामंडपाचा नाद त्याने सोडला. त्याच्या जागी पश्चिमेला एक आखूड आडवे दालन काढून इमारत बंद केली. राजाच्या मनातील दगडी छताऐवजी लाकडी छत घातले. इंजिनिअरच्या भाषेत सांगावयाचे तर त्याने काम वाचवले. दिसावयाला ही गोष्ट लहान. पण छत नसलेली भिंत किती पावसाळे टिकते हे मला माहीत आहे.

येथे मला बीदर आठवले. वेनफ्लीट ईटनला हातभार लावीत होता त्याच सुमारास, १४७२ मध्ये, बहमनी वजीर महमूद गावान याने बीदरला आपला मदरसा पुरा केला. तीही शाळाच, तीही पाहणाऱ्याचे डोळे दिपवणारी. वजीराला १४८१ मध्ये सुलतानाने मारविले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग उडवला. ज्यांनी बीदरची ती अर्धी भिंत आणि तिच्यावरच्या निळ्या फरश्या पाहिल्या असतील, त्यांना ईटनचे अपुरेपण परके वाटणार नाही.

आता आतल्या भिंतींकडे वळतो, कारण या इमारतीचा खरा ठेवा तेथे आहे.

१४७९ ते १४८७ या आठ वर्षांत येथील दोन्ही लांब भिंतींवर चित्रे काढली गेली. दगडावर तेलरंगांत काढलेली, फ्लेमिश चित्रकारांच्या धाटणीची. बहुतेक सारे काम करड्या-राखी छटांत, मधूनच एखादा रंग. लांबून वाटते, कोरीव मूर्तीच उभ्या आहेत. किमान चार तरी हात या कामात होते असे जाणकार म्हणतात. उत्तरेच्या भिंतीवर कुमारी मेरीचे चमत्कार आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर एका सम्राज्ञीची गोष्ट आहे, आणि ती मी नातीला सांगू लागलो तेव्हा पोरीचे प्रश्न प्रथमच थांबले.

सम्राट दूर देशी जातो आणि बायकोला भावाच्या स्वाधीन करतो. दीर तिच्यावर वाईट नजर ठेवतो. ती त्याला बुरुजात कोंडून घालते. सम्राट परत येताच दीर तिच्यावरच किटाळ घेतो. नवरा ऐकून घेत नाही. तिला मारण्यासाठी रानात नेतात. तेथे एक सरदार तिला सोडवतो आणि आपले मूल सांभाळावयास घरी ठेवतो. तर त्या सरदाराचा भाऊ तसाच निघतो. ती दाद देत नाही म्हणून तो मुलाचा खून करून सुरी झोपलेल्या तिच्या हातात ठेवतो. पुन्हा हद्दपारी, समुद्रातल्या खडकावर ती एकटी. तेथे मेरी तिला दर्शन देते आणि रोग बरा करणारी वनस्पती दाखवते. पुढे महारोगाने झडलेले तेच दोघे तिच्यापुढे येतात. आपले पाप कबूल करा, मग औषध देते, असे ती सांगते. दोघे कबूल करतात, बरे होतात, नवऱ्याला सत्य कळते. आणि ती? ती नवऱ्याकडे परत जात नाही. जोगीण होऊन मठात जाते.

"म्हणजे सीतेसारखंच," नात म्हणाली. मी म्हटले, "हो, थोडंसं. धरणी दुभंगली नाही एवढंच." ज्या शाळेत पोरीला प्रवेश नाही, तिच्या भिंतीवर पाच शतके एका बाईवरच्या अन्यायाची कहाणी आहे, हे तिच्या लक्षात आले की नाही कोण जाणे. माझ्या आले.

पाच शतके म्हटले खरे, पण त्यातली साडेतीन शतकांहून अधिक ती कहाणी कोणाला दिसतच नव्हती. इंग्लंडने पोपशी फारकत घेतली, नवा पंथ आला, चमत्कारांची चित्रे म्हणजे अंधश्रद्धा असे ठरले. १५६० मध्ये हुकूम आला आणि विद्यालयाच्या न्हाव्याने त्या चित्रांवर चुना फासला. न्हाव्याने! अशा किरकोळ कामाला हाताशी असलेला माणूस म्हणून तो सापडला असावा. आठ वर्षांचे चित्रकारांचे काम, आणि वर कुंचला फिरला तो हजामाचा.

आता यात मौज अशी, की त्या न्हाव्यानेच चित्रे वाचवली. कोणी कट्टर कार्यकर्ता छिन्नी घेऊन आला असता तर आज कोरी भिंत राहिली असती. चुन्याखाली चित्रे निवांत झोपली आणि लोक त्यांना विसरून गेले. १८४७ मध्ये दुरुस्तीच्या निमित्ताने ती पुन्हा उजेडात आली. त्या वेळी झाले ते ऐकून वाईट वाटते. चित्रांच्या दोन ओळी होत्या, एकावर एक. वरची ओळ, हे काय निघाले आहे ते कोणाच्या नीट ध्यानात येण्यापूर्वीच, कामगारांनी जवळजवळ सारी खरवडून टाकली. खालची ओळ राहिली, पण तीही नव्या लाकडी आसनांच्या नक्षीदार छत्र्यांमागे झाकून टाकली गेली. पंथाच्या आवेशात एका न्हाव्याने जे गमावले नाही, ते दुरुस्तीच्या उत्साहात शिकल्या-सवरल्यांनी गमावले. आपल्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासणारी आणि मग तो काढण्यासाठी दगडच घासणारी मंडळी आठवली आणि मी गप्प राहिलो.

त्या लाकडी छत्र्या १९२३ मध्ये काढल्या, भिंती साफ केल्या, तेव्हा कोठे खालची ओळ सर्वांना दिसू लागली. त्या वेळी विद्यालयाचे प्रमुख होते एम. आर. जेम्स. भुताच्या गोष्टी वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. जुन्या चर्चमध्ये, जुन्या पोथ्यांत दडलेले काहीतरी अवचित बाहेर येते, अशा गोष्टी लिहिण्यात या विद्वानाचा हातखंडा होता. त्याच्याच कारकिर्दीत त्याच्याच भिंतीतून ही फिकट माणसे बाहेर आली, हा योग त्याच्या एखाद्या कथेत शोभला असता.

खिडक्यांची कथा थोडक्यात सांगतो. १९४० च्या डिसेंबरात जर्मन विमानांचे बॉम्ब ईटनवर पडले; शेजारच्या इमारतीवरील स्फोटाने चॅपलच्या रंगीत काचांचा चुरा झाला. ऑर्गनवरची एकच खिडकी वाचली. फुटलेल्या काचा होत्या तशा पुन्हा घडवण्याचा मोह विद्यालयाने टाळला आणि आपल्या काळच्या कलावंतांना बोलावले, हे मला फार आवडले. पूर्वेच्या भल्यामोठ्या खिडकीचे काम आयर्लंडच्या एव्ही होन या बाईंना दिले. लहानपणी पोलिओने अधू झालेली, पंथाने कॅथलिक, आणि स्त्री. इंग्रज उमरावांच्या मुलांच्या प्रॉटेस्टंट चॅपलने तिच्या हाती आपली मुख्य खिडकी सोपवली. १९५२ मध्ये ती बसली. वर क्रूसावरचा येशू, खाली त्याचे शिष्यांसह शेवटचे जेवण. तांबडा आणि निळा रंग असे भिनलेले, की ऊन आले की गाभारा पेटल्यासारखा दिसतो. बाई १९५५ मध्ये वारल्या. मग बाजूच्या आठ खिडक्यांची चित्रे जॉन पायपरने काढली आणि पॅट्रिक रेन्टिन्सने ती काचेत उतरवली. १९५९ ते १९६४ हे काम चालले. एका बाजूला येशूचे चार चमत्कार, दुसऱ्या बाजूला त्याचे चार दृष्टांत. त्यांत खडकावर बांधलेल्या घराचाही दृष्टांत आहे. पायाविषयी बोलणारा धर्मग्रंथ बांधकाम खात्याच्या माणसाला जवळचा वाटणारच.

आता छत. मी गेलो होतो ते मुख्यतः त्यासाठी.

मान वर केली की दिसतात दगडी पंखे. खांबांच्या माथ्यापासून फासळ्या निघून चोहोबाजूंनी उलगडत जातात आणि मध्यावर एकमेकींना भेटतात. माडांच्या बनात उभे राहून वर पाहावे, दोन्हीकडच्या झावळ्या टेकाव्यात, तसे. हा इंग्लंडचा खास प्रकार. त्याचा सर्वांत थोर नमुना हेन्रीच्याच दुसऱ्या अपत्यात, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये आहे. २८९ फूट लांब आणि ४० फूट रुंद त्या इमारतीचे छत जॉन वॅस्टेल या गवंड्याने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत पुरे केले. पाहणारा सहज समजतो की ईटनचेही त्याच काळचे.

ते आहे १९५९ चे.

वेनफ्लीटच्या काळापासून येथे लाकडी छत होते. विसाव्या शतकात त्याला एक भुंगेरा लागला. जुने ओक लाकूड आतून पोखरणारी ही जात. जोडीदाराला बोलावण्यासाठी हा किडा लाकडावर डोके आपटून टकटक आवाज करतो. पूर्वी आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना शांततेत तो आवाज ऐकू येई, म्हणून इंग्रजांनी त्याचे नाव मृत्यूच्या पहाऱ्याशी जोडले. तो पहारा चॅपलच्या माथ्यावर बसला होता. छत काढणे भाग पडले. तेव्हा विल्यम होल्फर्ड या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली नवे छत झाले, तेही तीन वर्षांतच. वर पोलादी कैच्या, त्यांच्या आधाराने काँक्रीटचे पंखे, आणि डोळ्यांना दिसणारा भाग क्लिपशॅमच्या दगडाचा, प्रत्येक गाळ्यासाठी हाताने घडवलेला. बोल्ट आणि सळ्या वर अंधारात. खाली पंधरावे शतक.

हे कळल्यावर माझ्या मनात बरीच झटापट झाली. ज्या शाळेने खिडक्यांच्या बाबतीत जुन्याची नक्कल नाकारली, तिने छताच्या बाबतीत मात्र जुन्याचा वेष का घेतला? दगडी पंख्याची सारी शोभा त्याच्या धाडसात आहे. प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटतो, तो रेटा भिंतीवर येतो, भिंतीतून बाहेरच्या धिऱ्यात आणि तेथून जमिनीत उतरतो. वॅस्टेलने ते गणित पोटात घेऊन काम केले होते. येथे वजन पोलाद उचलते आणि दगड दाखवावयाचा. लेकीचे म्हणणे पडले, "बाबा, सुंदर आहे ना? मग झालं." वास्तविक तसे झाले नाही. पण दुसरी बाजूही आहे. दगडाचे छत व्हावे हा हेन्रीचाच बेत होता. वेनफ्लीटचे लाकूड ही गरिबीतली सोय. पुन्हा लाकूड घातले असते तर सोयीचीच नक्कल झाली असती. आणि नुसता काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला असता तर त्या उभ्या रेषांना वर जाऊन टेकावयाला जागाच उरली नसती. जुन्या भिंतींवर नवा रेटा न घालता राजाची इच्छा पुरी करणे, हे होल्फर्डपुढचे कोडे होते. माझा निकाल असा, की त्याने ते प्रामाणिकपणे सोडवले. फक्त उत्तर भिंतीवर न लिहिता वहीत लिहिले. पाहणाऱ्याला वर्ष सांगितले की लबाडी उरत नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते सांगितले, लपवले नाही.

एक गोष्ट मराठी माणसाने येथे मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. या चॅपलमध्ये रिचर्ड वेलस्ली पुरलेला आहे. हिंदुस्थानचा १७९८ ते १८०५ पर्यंतचा गव्हर्नर जनरल. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पाडाव केल्यावर दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने जो तह केला, तो या वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या धोरणातला. पुढच्या वर्षी असई, अडगाव, गाविलगड. तेथे लढला त्याचा धाकटा भाऊ आर्थर, तोच पुढचा वेलिंग्टन. तोही ईटनचाच. मराठी राज्याच्या गळ्यातला फास ज्याने आवळला तो ८२ वर्षांचा होऊन १८४२ मध्ये वारला, आणि कोठल्याही राजमंदिराऐवजी आपल्या शाळेत येऊन निजला.

मला राग आला का? तेथे उभे राहून राग येणे कठीण असते. शांतता फार होती. आठवले ते असे, की याच माणसाने १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले, तेथे विल्यम कॅरी मराठी शिकवीत असे, आणि कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघाले. राज्य घेणाऱ्यांना रयतेची भाषा लागत होती, म्हणून का होईना. लेकीला हे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हिशेब फार लवकर चुकता करता." मी चुकता केला नव्हता. दोन्ही रकमा समोरासमोर लिहून ठेवल्या होत्या, एवढेच.

चॅपलमध्ये आज सारी शाळा मावत नाही. लहान मुलांसाठी १८९१ मध्ये जवळच निराळे चॅपल बांधावे लागले. सभामंडप झाला असता तर कदाचित ती पाळी आली नसती, हा हिशेब मी मनातल्या मनात केला.

कोणी वाचक विंडसरचा किल्ला पाहावयास जाणार असेल, आणि तेथे जाणाऱ्यांची आपल्याकडे आता वाण नाही, तर त्याने नदीवरचा पूल ओलांडून ईटनच्या मुख्य रस्त्याने पुढे चालत जावे. पंधरा-वीस मिनिटांत चॅपल लागते. आत जावयास मिळाले तर उत्तमच. न मिळाले तरी एक गोष्ट फुकट आणि बाराही महिने पाहता येते. चॅपलच्या पश्चिम टोकासमोर कीट्स लेन नावाची गल्ली आहे. तिच्यातील एका इमारतीवर छोटीशी पाटी बसवली आहे: हेन्री राजाचे मंदिर येथपर्यंत यावयाचे होते. मध्ये रस्ता, मोटारी, सायकलवरून वर्गाला निघालेली काळ्या कोटातली मुले. नात पाटीखाली पाठ टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिकडं जाऊन उभे राहा, म्हणजे मला कळेल." मी रस्ता ओलांडून चॅपलच्या भिंतीशी गेलो आणि हात वर केला.